सर्व्हिसिंगहून आलेले आउटबोर्ड इंजिन पहिल्याच फेरीत तापले; आता काय करावे?

संगमावरचा नाना
नमस्कार मंडळी. चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा एकत्र येतात तिथे, म्हणजे हतनूर धरणाच्या फुगवट्यात, माझी 16 फुटी फायबरची बोट आहे आणि तिला 25 अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरांचे, फोर स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. बोट मी स्वतःच चालवतो. देवळाला येणारे भाविक आणि हिवाळ्यात पक्षी पाहायला येणारी मंडळी यांच्या फेऱ्यांवर माझे घर चालते. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे कधी उघडतील याचा नेम नसतो, त्यामुळे त्या काळात बोट काठावर ताडपत्रीखाली असते आणि इंजिनाची देखभाल मी तेव्हाच उरकून घेतो.

आजवर तेल आणि प्लग मीच बदलत आलो. यंदा मात्र इंपेलरही (पाणी ओढणाऱ्या पंपातले रबरी पाकळ्यांचे चाक) बदलायचा असल्याने इंजिन पिकअपमध्ये घालून समुद्रकाठच्या एका शहरातील नावाजलेल्या सर्व्हिस सेंटरला दिले. इंजिन ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल, तीन प्लग, इंपेलर किट, ग्रीसिंग आणि मजुरी मिळून 14,800 रुपयांचे पक्के बिल झाले. जॉब कार्डवर 'टेस्ट रन' या रकान्यापुढे 'ओके' असे लिहिलेले आहे.

भाऊबीजेच्या दिवशी पहिली फेरी काढली. बोटीत चार प्रवासी होते आणि चौघांच्याही अंगावर लाइफ जॅकेटे होती. इंजिन पहिल्याच दोरीला सुरू झाले, पण मागच्या छिद्रातून पाण्याची जी धार पडते, ती नेहमी करंगळीएवढी असते, ती या वेळी सुतळीएवढीच होती. गेल्या वर्षी त्या छिद्रात कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते, म्हणून मला तोच संशय आला. मी लिंबाची काडी घालून छिद्र साफ केले, थोडी माती निघाली आणि धार किंचित सुधारल्यासारखी वाटली. मग निघालो. साधारण 25 मिनिटांनी भोंगा सलग वाजू लागला, इंजिनाचा वेग आपोआप उतरला आणि जळक्या रंगाचा वास आला. मी ताबडतोब इंजिन बंद केले आणि वल्ही मारत 40 मिनिटांत सर्वांना काठावर आणले.

इंजिन थंड झाल्यावर एकदाच सुरू करून पाहिले. ते चालते, पण थरथरते आणि सर्वांत वरचा सिलिंडर मारत नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर उत्तर मिळाले की तुमच्या तापीत गाळ फार आहे, पंपात गाळ भरला असेल, आमच्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही. इंजिन घेऊन या, पावरहेड (सिलिंडर असलेला वरचा भाग) उघडावे लागेल, खर्च 1,30,000 पर्यंत जाऊ शकतो. दोष गाळाचा आहे की त्यांच्या हाताचा, हे कसे ठरवावे आणि पुढे काय करावे, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पाना-पक्कड
नाना, सर्वांत आधी एक गोष्ट पाळा. आता ते इंजिन पुन्हा सुरू करू नका, अगदी 'बघू या चालते का' म्हणूनही नको. तापलेल्या इंजिनात हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांमधला सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेले असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये उतरते, आणि ते तसेच पडून राहिले की आठवड्याभरात भिंतीवर गंज धरतो. तिन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरीने इंजिन दोन-तीन वेळा हलकेच फिरवा आणि प्लग परत बसवा. काढलेले प्लग ओळीने मांडून त्यांचा फोटो घ्या. ज्या सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तिथला प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.

दुसरे म्हणजे लोअर युनिट, म्हणजे इंजिनाचा पाण्यात राहणारा पाय, एकट्याने उघडू नका. उघडले की पुरावा संपला, कारण समोरचा म्हणणार की तुम्हीच उचकपाचक केली.

आणि एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. पिकअपमध्ये इंजिन कोणत्या कुशीवर आडवे ठेवले होते? फोर स्ट्रोक इंजिन कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच ठेवावे लागते, नाहीतर तळातील तेल सिलिंडरमध्ये उतरते. त्याचा तापण्याशी थेट संबंध नाही, पण हा मुद्दा समोरचा काढणार, म्हणून उत्तर तयार असू द्या.

संगमावरचा नाना
जाताना आणि येताना पुस्तकात दाखवलेल्या कुशीवरच, गादी घालून ठेवले होते. पहिल्यांदा सुरू केले तेव्हा निळा धूर आलेला नव्हता. प्लग आजच काढतो.

फुगवट्याकाठी
मी नवापूरकडचा, उकाईच्या फुगवट्यात मासेमारीसाठी 9.9 अश्वशक्तीचे इंजिन वापरतो. गाळाच्या मुद्द्यावर सर्व्हिस सेंटरवाल्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तापीचे पावसाळ्यानंतरचे पाणी कित्येक आठवडे चहासारखे असते आणि हतनूरचा जलाशय तर गाळासाठी प्रसिद्धच आहे. उथळ जागी पंखा तळाची माती ढवळतो आणि तीच माती पंप ओढतो. माझा इंपेलर दर हंगामाला बदलावा लागतो.

पण गाळाने झालेली झीज आणि चुकीच्या बसवणुकीने झालेले नुकसान डोळ्यांनी ओळखता येते. इंपेलर ज्या स्टीलच्या वाटीत फिरतो, त्या वाटीला आणि खालच्या पत्र्याला गाळामुळे गोल गोल रेघा पडतात, नखाला लागतील अशा. रबराच्या पाकळ्यांच्या कडा बोथट होतात. हे सगळे व्हायला तासांमागून तास जावे लागतात. तुमचा इंपेलर नवा होता आणि 25 मिनिटे चालला. उघडल्यावर पाकळ्यांच्या कडा धारदार आणि वाटी गुळगुळीत निघाली, तर गाळाचे नाव घ्यायला जागा राहत नाही. पाकळ्या वितळलेल्या, चिकटलेल्या निघाल्या, तर पंप कोरडा फिरला असे समजावे.

केळीवाला, रावेर
बोटीतले मला काही कळत नाही, पण आमच्या बोअरच्या मोटारीचे हेच दुखणे आहे. मोटार भरून आणली, पंप उतरवला आणि आठ दिवसांत बसला, की दुकानदार म्हणतो 'तुमच्या बोअरला वाळू येते'. वाळू आधीही येत होती आणि पंप चार वर्षे चालला होता, एवढे एकच वाक्य मी त्याला ऐकवतो. नाना, तुमचा आधीचा इंपेलर याच पाण्यात किती चालला, ते लिहून ठेवा.

संगमावरचा नाना
आधीचा इंपेलर दोन हंगाम चालला आणि काढला तेव्हाही धार चांगली होती. प्लगांचे सांगायचे तर वरच्या सिलिंडरचा प्लग खरोखरच धुतल्यासारखा निघाला, खालचे दोन नेहमीसारखे भुरे आहेत. भुसावळच्या एका ओळखीच्या मिस्त्रीने मीटर लावून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतले. खालच्या दोन सिलिंडरांत 165 आणि 170 पौंड आले, वरच्यात 95.

पाना-पक्कड
सिलिंडरांमधला फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत असावा लागतो. 95 म्हणजे एकतर हेड गॅस्केट वरच्या सिलिंडरपाशी जळाले आहे किंवा पिस्टन आणि रिंगा घासल्या आहेत, कदाचित दोन्ही.

आता हे झाले कशाने, याचा माझा अंदाज सांगतो. इंपेलर बदलण्यासाठी सगळे लोअर युनिट खाली उतरवावे लागते. परत चढवताना ड्राइव्ह शाफ्टचे दाते क्रँकमध्ये बसवायचे, गिअरची दांडी जुळवायची आणि वरून येणारी पाण्याची नळी पंपाच्या डोक्यावरच्या रबरी बुशात बरोबर उतरवायची, ही सगळी कामे एकाच वेळी, खालून, जवळजवळ न बघता करावी लागतात. पहिल्या दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर युनिट बसतच नाही किंवा गिअर पडत नाही, म्हणजे चूक लगेच कळते. नळीचे तसे नाही. ती बुशाच्या कडेला अडकली, बुश दुमडला, तरी बोल्ट आवळले की युनिट वर चढते आणि बाहेरून सगळे ठाकठीक दिसते. मग पंप पाणी ओढतो, पण त्यातले बरेचसे नळीत न जाता पायाच्या पोकळीतच सांडते. वेग कमी असताना थोडी धार येत राहते आणि वेग वाढवला की इंजिनाला पाणी पुरत नाही. तुमची सुतळीएवढी धार मला तिकडे बोट दाखवते आहे.

चाचणी पिंपात झाली की पायाच्या पाणी ओढणाऱ्या छिद्रांवर पाण्याच्या नळाला जोडलेले रबरी कान लावून, हे जरूर विचारा. कान लावले की नळाच्या दाबाने पाणी आपोआप वर ढकलले जाते, त्यामुळे धार बरी दिसते आणि असा दोष झाकला जातो. मी स्वतः पिंपात पाय बुडवून, गिअर टाकून किमान दहा मिनिटे चालवल्याशिवाय इंजिन गिऱ्हाइकाच्या ताब्यात देत नाही.

कोर्टकचेरी
कायद्याच्या बाजूने लिहितो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार हा 'सेवेतील त्रुटी'चा विषय आहे. नानांसाठी सर्वांत उपयोगाची तरतूद म्हणजे कलम 34, कारण तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. म्हणजे सर्व्हिस सेंटर कोणत्याही शहरात असले, तरी प्रकरण जळगावला चालू शकते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क लागत नाही. तत्पूर्वी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

समोरचा वकील पहिला आक्षेप घेईल तो 'व्यावसायिक वापरा'चा. स्वतः राबून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरली जात नाही, असे कायद्याचे स्पष्टीकरण आहे. म्हणून बोट आपण स्वतः चालवता, पगारी माणसे ठेवलेली नाहीत आणि हेच उत्पन्नाचे साधन आहे, हे दाखवणारी कागदपत्रे जवळ ठेवावीत. बिलाच्या मागे 'इंजिन ताब्यात दिल्यानंतर जबाबदारी नाही' असे छापलेले असेल, तर त्याने घाबरून जाऊ नये. मात्र त्या अटीलाच अन्याय्य करार म्हणून आव्हान देण्याच्या फंदात पडू नये, कारण तो विषय राज्य आयोगाच्या कक्षेत जातो. आपला मुद्दा साधा ठेवावा: पाण्याचा पंप यांनी बसवला आणि तो नीट बसवलेला नव्हता.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिन उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने कळवावे की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, त्रयस्थ मिस्त्रीकडून लोअर युनिट उतरवले जाणार आहे, आपला माणूस पाठवावा. आठ-दहा दिवसांची मुदत द्यावी. आले तर उत्तम आणि न आले तरी आपण संधी दिली होती, हे कागदावर राहते. चित्रीकरण न थांबवता, एकसलग करावे आणि मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे, तो फोन जपावा. पुढे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र द्यायची वेळ आली, तर ते सोपे जाते.

दुसरी बाजू
माझे स्वतःचे वर्कशॉप आहे, बोटीचे नव्हे, दुचाकींचे, पण टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याचेही कुणीतरी सांगितले पाहिजे. नाना, धार सुतळीएवढी दिसत असताना तुम्ही चार प्रवासी घेऊन निघालात. छिद्रात काडी घालूनही धार पूर्ववत झाली नाही, हे तुम्हीच लिहिले आहे. त्या क्षणी इंजिन बंद करून सेंटरला फोन केला असता, तर त्यांना फुकटात एक रबरी बुश बदलून द्यावा लागला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. चूक त्यांची निघाली, तरी नुकसान 200 रुपयांवरून लाखावर नेण्यात तुमचा वाटा आहे, असे ते म्हणतील आणि ते अगदीच खोटे नसेल.

संगमावरचा नाना
आपले म्हणणे मला झोंबले, पण मान्य आहे. हंगामाचा पहिला दिवस, चार गिऱ्हाइके काठावर उभी, आणि चार महिने एक पैसाही आलेला नाही, अशा वेळी माणूस धारेकडे पाहतो ते ती ठीक आहे असे मानण्यासाठीच. कोर्टकचेरी साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पत्र आज पाठवले. उघडण्याचा दिवस बाराव्या दिवशीचा ठेवला आहे.

संगमावरचा नाना
मंडळी, काल इंजिन उघडले. अपेक्षा नसताना सर्व्हिस सेंटरने आपला एक मेकॅनिक पाठवला. पंचविशीतला पोरगा, रात्रभर प्रवास करून भुसावळला उतरला होता. घरून डबा नेला होता, तो आम्ही दोघांनी खाल्ला आणि मग कामाला लागलो. माझ्या भाच्याने फोन स्टँडवर लावून पहिल्या बोल्टपासून शेवटपर्यंत चित्रीकरण केले.

आधी गिअर ऑइल सोडले. त्याचा खालचा प्लग (तेल सोडायचे बूच) काढल्यावर थोडे पाणी आले आणि मागोमाग दुधाळ, दूध जास्त झालेल्या चहासारखे तेल. हे तेल नवे भरल्यावर इंजिन एकच फेरी चालले होते. दोन्ही प्लगांखालचे वॉशर काढून तळहातावर घेतले, तर चपटे झालेले, एका कडेला चीर गेलेले; म्हणजे जुनेच परत लावले होते, आणि बिलात मात्र 'गॅस्केट वॉशर 2' असे लिहिले आहे. पोरगा काहीच बोलला नाही.

नंतर पाय उतरवला. पाना-पक्कड भाऊ, आपण समोर असल्यासारखे लिहिले होते. पंपाच्या डोक्यावरचा रबरी बुश एका बाजूने आत दुमडलेला होता आणि त्यावर नळीच्या कडेचा अर्धचंद्रासारखा ठसा स्पष्ट उमटला होता. नळी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी टेकलेली. पंप उघडल्यावर इंपेलरच्या पाकळ्यांच्या कडा दुकानातून आणल्यासारख्या निघाल्या आणि वाटीवर एकही रेघ नव्हती. पंपाच्या तळाशी चिमूटभर गाळ होता, तो मीच कॅमेऱ्यासमोर धरला, उगाच नंतर लपवल्याचा आरोप नको. पोराने दुमडलेला बुश बोटांत फिरवून पाहिला आणि हळूच म्हणाला, "काका, हे आमच्याकडूनच झालंय." चाचणी रबरी कान लावून, पाच मिनिटांत उरकली होती, हेही त्याने सांगितले. त्याच्या नोकरीवर येऊ नये म्हणून ते वाक्य मी कुणाला पाठवणार नाही. बुश पुरेसा बोलका आहे.

फुगवट्याकाठी
नाना, गिअर ऑइलमध्ये पाणी गेले आहे, तर पंख्याच्या शाफ्टचे सीलही तपासून घ्या. पंख्यामागे मासेमारीचा दोरा गुंडाळला जातो आणि तो सील कापतो. आमच्याकडे हे नेहमीचे आहे. नुसते वॉशर बदलून बंद कराल आणि पाणी पुन्हा जाईल. गिअरच्या खोक्यात हवेचा दाब भरून, तो टिकतो की नाही, हे पाहायला सांगा. आणि ते दुधाळ तेल आत ठेवून इंजिन उभे ठेवू नका, बेअरिंगांना गंज लागतो.

केळीवाला, रावेर
आता सोडू नका त्यांना. पूर्ण खर्च आणि बुडालेल्या हंगामाची भरपाई, दोन्ही घ्या.

कोर्टकचेरी
बुडालेल्या उत्पन्नाची मागणी करता येते, पण आयोगापुढे ती आकड्यांनी सिद्ध करावी लागते, आणि रोख फेऱ्यांचा हिशोब बहुतेकांकडे नसतो. शिवाय निकालाला लागणारा काळ लक्षात घ्यावा. नानांनी ठरवायचे आहे. तडजोड झाली, तर ती लेखी असावी आणि त्यात दुरुस्तीनंतरची हमी किती महिने किंवा किती तास, हे आकड्यात असावे.

संगमावरचा नाना
उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. चित्रीकरण, कॉम्प्रेशनचे आकडे आणि 1915 वरील तक्रारीचा क्रमांक असे सगळे एकत्र पाठवल्यावर चौथ्या दिवशी मालकाचा स्वतःचा फोन आला. गाळाचा विषय पुन्हा निघाला नाही. काडी घालून निघाल्याचा विषय मात्र त्यांनी काढला.

पावरहेड उघडल्यावर हेड गॅस्केट वरच्या सिलिंडरपाशी जळालेले, हेड किंचित वाकलेले आणि वरच्या पिस्टनला एका बाजूने ओरखडे आढळले. सिलिंडरची भिंत होनिंग करून (आतून बारीक घासून) वाचली, त्यामुळे नवे पावरहेड लागले नाही आणि 1,30,000 चा आकडा आपोआप गळून पडला. शेवटी असे ठरले की मजुरी, हेडचे प्लेनिंग (घासून सपाट करणे), संपूर्ण गॅस्केट संच, पंप, सील आणि दोन्ही वेळची वाहतूक त्यांनी करायची. पिस्टन आणि रिंगांची निम्मी किंमत, म्हणजे 9,500 रुपये, मी द्यायची. आणि दुरुस्तीवर सहा महिने किंवा 100 तास, जे आधी संपेल तोवर, लेखी हमी. बुडालेल्या दिवसांचे काही मिळाले नाही. केळीवाले भाऊ नाराज होतील, पण महाशिवरात्रीला मुक्ताईच्या यात्रेत बोट पाण्यात नसती, तर मला वर्षभराचा फटका बसला असता, आणि 9,500 रुपये मी त्या सुतळीएवढ्या धारेचे मोजले असे धरून चाललो आहे.

ताबा घेताना पिंपात पाय बुडवून, गिअर टाकून वीस मिनिटे इंजिन माझ्यासमोर चालवायला लावले. तो पोरगाच चालवत होता. धार बोटाएवढी पडत होती, तरी मी त्याला दोनदा विचारले.

पाना-पक्कड
छान झाले. नव्या रिंगा आहेत, म्हणून पहिले काही तास एकाच वेगावर ताणून चालवू नका, वेग बदलत राहा. पहिल्या दहा तासांनंतर गिअर ऑइलचा खालचा प्लग किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. रंग बदललेला दिसला तर तिथेच थांबा. दुमडलेला बुश परत दिलात का?

संगमावरचा नाना
नाही. त्यांनी मागितला होता, पण मी दिला नाही. हमीचा काळ संपेपर्यंत तो आणि दोन जुने वॉशर बोटीतल्या डब्यात, स्प्लिट पिनांच्या शेजारी ठेवले आहेत.